दोन्हीकडून पहिलं पान

"आमच्या विभागाचं पान दुसरं येणार असेल, तर मी सही करणार नाही," उपासनी मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं आणि हातातलं पेन पर्समध्ये टाकून चेन ओढून घेतली.

झांबरे सरांचं पेन तर खिशातून बाहेरच आलं नव्हतं. ते खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणाले, की त्यांच्या विभागाची अशी कुठलीच अट नाही, फक्त संख्याशास्त्राचं पान पहिलं हवं.

मी दोघांच्या मधोमध, एकशे पस्तीस सुटी पानं पोटाशी धरून उभी होते. वय एकवीस. कॉलेज त्याच सुमारास स्वायत्त झालं होतं आणि पुण्यातल्या कुठल्याशा कार्यशाळेहून परत येताना आमचे प्राचार्य 'दुहेरी ऑनर्स' नावाची योजना घेऊन आले होते. दोन मुख्य विषय घ्यायचे आणि शेवटी दोन्ही मिळून एकच प्रबंध लिहायचा. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात या योजनेला एकच गिऱ्हाईक मिळालं, ती मी, कल्याणी भारंबे. मराठी आणि संख्याशास्त्र. लोक विचारायचे, एकात नापास झाली तर दुसरं हाताशी असावं म्हणून का गं? मला दोन्ही आवडायचं, पण हे उत्तर कुणाला पटत नसे, म्हणून मी 'हो' म्हणून मोकळी व्हायचे.

मराठी विभाग मैदानाच्या अलीकडे, संख्याशास्त्र पलीकडे. दोन्ही विभागांत बोलचाल नव्हती. भांडणही नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते. चार महिने मी एकच प्रबंध दोन पिशव्यांतून वाहत होते. झांबरे सर म्हणायचे, यातली माणसांची नावं काढ. संख्याशास्त्रात माणसं नसतात, लेखक अ आणि लेखक ब असं लिही. उपासनी मॅडम म्हणायच्या, ते तक्ते पुढे नकोत, मराठी वाचणाऱ्याला आकडे दिसले की वाचन संपतं. मी दोघांचंही ऐकलं. सज्जन मुलगी होते ना.

शेवटी प्राचार्यांनीच तोड काढली. शाळेत आपण रफ वही दोन्ही बाजूंनी वापरायचो, तसा प्रबंध बांधायचा. इकडून उघडला की मराठीचं पहिलं पान. उलटा करून तिकडून उघडला की संख्याशास्त्राचं. दोघांनीही समाधानाने सह्या केल्या.

बाइंडिंगवाल्या मोमीनचाचांनी पानं लावली आणि मधलं एक पान हातात धरून ते विचारात पडले. मराठीची त्र्याहत्तर पानं इकडून, संख्याशास्त्राची एकसष्ट तिकडून, आणि हे एक उरलं होतं, निष्कर्षाचं.

"हे सुलटं कुठून ठेवू, बेटी?"

कुठूनही सुलटं ठेवलं तरी एक विभाग रुसला असता. मी ते पान आडवं छापून आणलं. एकशे पस्तीस पानांत वाचण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते वाचायला मान वाकडी करावी लागत होती. दोन्ही मार्गदर्शकांनी मान वाकडी केली नाही.

आता त्या पानावर काय होतं ते सांगते.

आमच्या संस्थेचे संस्थापक कैलासवासी दाजीसाहेब फालक. त्यांनी एकोणीसशे बासष्टपासून चौऱ्याऐंशीपर्यंत दर सोमवारी सकाळी साडेसातला कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. ती सगळी भाषणं तीन खंडांत छापलेली आहेत आणि आमच्या गावात लग्नात, बारशात, सेवानिवृत्तीत, जिथे जमेल तिथे भेट म्हणून दिली जातात. उपासनी मॅडमनी त्यांना प्रस्तावना लिहिली आहे. पहिल्या खंडात दाजीसाहेब उपदेश करतात, पुढच्या दोन खंडांत त्यांची भाषा मातीला लागते, आईसारखी होते, असं त्या प्रस्तावनेत आहे. माझा विषय एवढाच होता की ही भाषा नेमकी कुठे आणि किती बदलली ते मोजायचं. वाक्यं किती लांब, बारीकसारीक शब्द किती वेळा येतात, हे सगळं हाताने मोजलं. तुलनेला दाजीसाहेबांची खाजगी पत्रं घेतली. आणि त्या काळातलं साधं मराठी गद्य हवं म्हणून कार्यालयाच्या जुन्या नोटिसा घेतल्या. टाकी धुवायची असल्याने उद्या पाणी येणार नाही, सायकली झाडाला टेकवू नयेत, असल्या नोटिसा.

सत्तर सालापर्यंतचा पहिला खंड दाजीसाहेबांच्या पत्रांशी तंतोतंत जुळला. दुसरा आणि तिसरा जुळेना. ते जुळले नोटिसांशी.

मला वाटलं, माझं गणित चुकलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं आणि नोटिसा पुन्हा काढून बघितल्या. प्रत्येक नोटिशीच्या खाली डाव्या कोपऱ्यात, जुन्या टंकलेखनाच्या पद्धतीप्रमाणे, बारीक अक्षरं होती. कुणी मजकूर दिला आणि कुणी टाइप केला त्यांची. दाफा/लीस. सत्तर सालापासून चौऱ्याऐंशीपर्यंत एकही नोटीस 'लीस'वाचून नव्हती. आणि टाकी धुवायचा मजकूर दाजीसाहेब काही सांगत बसले नसणार.

लीला सपकाळे. कार्यालयातली टंकलेखिका, दोनच वर्षांपूर्वी निवृत्त झालेली.

त्या स्टेशनपलीकडच्या वस्तीत राहायच्या. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि मापात बसवलेलं एकेक भांडं. मी अडखळत अडखळत, आकड्यांचा आडोसा घेऊन विचारलं. वाटलं, चिडतील, उठवून लावतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"चाळीस वर्षं लागली म्हणायची," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मी मेल्यावर कुणीतरी विचारील."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. दाजीसाहेब मुंबईला मंत्रालयात अडकले आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने आले. भाषण तयार नव्हतं. लीलाताईंनी आदल्या संध्याकाळी नुसतं बसल्या बसल्या विहिरीवर दोन पानं टाइप करून ठेवली होती, कुणाची विहीर आणि कुणाचं पाणी यावर. ती दाजीसाहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी ती उचलली, न वाचता सभागृहात नेली आणि तिथे पहिल्यांदाच वाचली. परत येऊन कागद लीलाताईंच्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, पुढच्या सोमवारचं जरा लवकर दे.

"बस, तेवढंच. पुढे चौदा वर्षं त्यावर एक शब्द नाही. वाईट नव्हते ते. चांगलंच वागवलं मला. फक्त हे बोलायचं नाही, एवढं आम्हाला दोघांना न सांगता कळलेलं."

मी विचारलं, तुम्हाला काय वाटायचं?

"मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. पुढच्या बाकांवर कोण बसायचं ते तेव्हा ठरलेलं होतं. तिथे बसलेले लोक माझ्या वाक्याला माना डोलवायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू. आणि घरी आले की रडू यायचं. पुस्तक बदला म्हणत नाही मी. छापलेलं छापलं गेलं. त्या हॉलात, त्या माइकवरून, एकदा कुणीतरी म्हणावं, हे लीला सपकाळेनं लिहिलं. मी मागेच बसून ऐकीन."

"मी म्हणेन," मी म्हटलं. "माझी तोंडी परीक्षा त्याच हॉलात आहे. तुम्ही या."

एकविसाव्या वर्षी माणूस शब्द फार पटकन देतो.

उपासनी मॅडमना मी आधी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मॅडम, दुसऱ्या खंडापासून लेखकच वेगळा वाटतो. त्या खूश होऊन म्हणाल्या, वा, म्हणजे शैलीची उत्क्रांती, मी प्रस्तावनेत हेच म्हटलंय. झांबरे सरांना म्हटलं, लेखक ब कोण ते कळलंय. ते म्हणाले, कळून काय करायचंय, काय-स्क्वेअर चाचणीत फरक आला ना? मग मी आडव्या पानावर लीलाताईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्या पानावरही दोघांच्या सह्या घेतल्या.

योजनेतली पहिलीच परीक्षा म्हणून ती उघड्या सभागृहात ठेवली होती. बाहेरगावचे दोन परीक्षक, दोन्ही विभागांची पोरं, आणि पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष विनायकराव फालक, दाजीसाहेबांचे चिरंजीव. लीलाताई इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. मराठीच्या परीक्षकांनी मराठीकडून प्रबंध उघडला आणि त्र्याहत्तराव्या पानावर मिटला. दुसऱ्यांनी तो उलटा करून एकसष्टाव्या पानावर मिटला. दोघांच्याही प्रश्नांना मी फाडफाड उत्तरं दिली. मधल्या पानावर कुणी प्रश्न विचारीना.

सगळं आटोपत आलं तेव्हा विनायकराव उठले. प्रेमळ माणूस, सगळ्या विद्यार्थ्यांना बेटा म्हणायचे.

"बेटा, मला तुमचं शास्त्र कळत नाही. एका वाक्यात सांग, माझ्या वडिलांबद्दल काय सिद्ध झालं?"

माइक माझ्या हातात होता. शेवटच्या बाकावर लीलाताई थोड्या पुढे सरकल्या. मी तोंड उघडलं, आणि पदवी, आईबाबा, पुढचं ॲडमिशन, समोरच्या माणसाचा तो हसरा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"लेखक अ आणि लेखक ब यांच्या लेखनात लक्षणीय फरक आढळतो," मी म्हटलं.

झांबरे सरांनी मान डोलावली. उपासनी मॅडमनी बसल्या जागेवरून खुलासा केला, की म्हणजेच दाजीसाहेबांची शैली उत्तरोत्तर विकसित होत गेली. टाळ्या पडल्या. लीलाताई उठल्या, बाकांच्या कडेकडेने दारापर्यंत गेल्या आणि बाहेर पडल्या. मला दोन्ही विभागांनी वरच्या श्रेणीत पास केलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी तोंड लपवून जगले असते. पण विनायकरावांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुला बाबांची भाषा इतकी आतून कळते, तर एक काम कर. सोमवारी त्यांची पंचविसावी पुण्यतिथी आहे. माझं भाषण लिहून दे, त्यांच्यासारखं. शनिवारी दे म्हणजे घरी नजरेखालून घालतो. मी हो म्हटलं. एका दिवसात दोनदा माझ्या तोंडून हवं ते आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशन ओलांडून गेले. लीलाताई तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मी दारातच रडायला लागले. त्यांनी सूप बाजूला केलं नाही, पण पाट सरकवला.

"भ्यालीस?"

"हो."

"मीही भ्यायचे. त्याशिवाय का चौदा वर्षं गेली." आणि डाळीतला खडा वेचत, "राग आला मला. काल रात्री जेवले नाही. खोटं सांगून तुला बरं वाटवणार नाही."

मी भाषणाचं सांगितलं. मला वाटलं होतं, आता मात्र हाकलतील. त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि एकदम कामाचं बोलू लागल्या. मी फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं ऐकत राहिले. लांब वाक्य द्यायचं नाही, या घराण्याला दम लागतो. अक्षर मोठं, पानाच्या एकाच बाजूला. एका पानावरचं वाक्य दुसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही.

"आणि शनिवारी तर मुळीच देऊ नको. घरात सगळे वाचतात आणि प्रत्येक जण आपला एकेक शब्द घुसवतो. सोमवारी द्यायचं, हॉलच्या दारात. हातात कागद पडला की वाचतात बरोबर. वाचायचीच सवय आहे त्यांना."

हे त्या कशासाठी सांगत होत्या, ते मी विचारलं नाही. निघताना एवढंच म्हटलं, सोमवारी याल का? त्या म्हणाल्या, पुण्यतिथीला मी दर वर्षी येते, तुझ्यासाठी येत नाही.

शनिवारी मी ताप आल्याचा निरोप पाठवला. रविवारीही ताप होता. सोमवारी साडेसातला पाच मिनिटं कमी असताना सभागृहाच्या दारात मी विनायकरावांच्या हातात चार पानं दिली. ते जरा कुरकुरले, पहिल्या पानावरून नजर फिरवली, म्हणाले, बाबांसारखंच आहे गं, आणि चष्मा लावत व्यासपीठावर चढले.

सभागृह गच्च भरलं होतं. आमदार, माजी विद्यार्थी, दोन वार्ताहर. पहिली दोन पानं झकास गेली. वाक्यं छोटी होती, दम लागत नव्हता, लोक माना डोलवत होते. त्यांनी तिसरं पान वर घेतलं.

"या सभागृहातल्या भाषणांनी आपल्या दोन पिढ्या घडवल्या," ते वाचू लागले. "एकोणीसशे सत्तरनंतरची ती सगळी भाषणं माझ्या वडिलांनी वाचली. त्यांनी ती लिहिली नाहीत."

इथे त्यांचा आवाज अडला. त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी पहिल्या रांगेच्या टोकाला होते आणि वरच्या पंख्याची पाती मोजत होते. तोंडाशी माइक, समोर हजार माणसं, हातात कागद. माणूस थांबणार कुठे? पुढचं वाक्य छोटंच होतं.

"ती लिहिली आपल्या कार्यालयातल्या श्रीमती लीला सपकाळे यांनी. त्या आज इथे मागच्या बाकावर बसल्या आहेत. चाळीस वर्षं त्यांचं नाव इथे कुणी घेतलं नाही. ते आज मी घेतो."

उपासनी मॅडमचं तोंड उघडं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं. मी मनात म्हटलं, संपलं, पदवी गेली, गावात तोंड दाखवायची सोय गेली. मग मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. तिथे बसणाऱ्यांनी त्या सुरू केल्या आणि त्या पुढे पुढे येत गेल्या. शेवटी आमदारसुद्धा उठून उभे राहिले. विनायकरावांनी कागद खाली ठेवला, त्या टाळ्या थोडा वेळ ऐकल्या आणि मागच्या बाकाकडे बघून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं, मी आजवर ठरवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पित्याचं श्रेय परत करणारा पुत्र. उपासनी मॅडमनी वार्ताहरांना सांगितलं, की मराठी विभागाला ही शंका पूर्वीपासून होती. झांबरे सरांनी सांगितलं, की आकडे तर त्यांनी मार्चमध्येच पाहिले होते. दोघांनी पहिल्यांदाच एका टेबलावर बसून चहा घेतला, असं शिपाई सांगत होता. माझी पदवी कुणी काढून घेतली नाही. कशी घेणार, सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. विनायकरावांनी मला एवढंच सांगितलं, की पुढचं भाषण दोन दिवस आधी लागेल. आणि मीही पुढे नऊ वर्षं ती त्यांना लिहून दिली, दोन दिवस आधी, हे सांगायला मला आज लाज वाटते. पोटापाण्यासाठी नव्हे. जमतंय म्हणून आणि मजा येते म्हणून.

पण तो सोमवार अजून संपला नव्हता. कार्यक्रमानंतर लोकांनी लीलाताईंना वेढा घातला, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. जो तो म्हणत होता, काय मोठं मन विनायकरावांचं. तासाभराने गर्दी ओसरली तेव्हा त्या शाल हातावर टाकून माझ्यापाशी आल्या. मी वाट बघत होते की आता काय म्हणतात.

"तिसरं पान चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "कुठे दम लागला नाही."

"तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं."

"मी लांबी सांगितली. मजकूर सांगितला नव्हता." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं नाव घेतलं का गं कुणी?"

मी मान हलवली. म्हटलं, माझं कशाला, मी तर परीक्षेत तुमचं नावही घेतलं नाही.

"ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण लिहिलंस तू."

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि परत सभागृहात गेल्या. आत खुर्च्या गोळा होत होत्या, मंडपवाला स्पीकर उतरवत होता. पांढऱ्या पातळातल्या लीलाताई मधल्या वाटेने सरळ चालत गेल्या, पायऱ्या चढल्या. एवढ्या वर्षांत त्या व्यासपीठावर त्या पहिल्यांदाच चढत होत्या. माइक त्यांच्या उंचीला वर होता. टाचा उचलून त्या म्हणाल्या, "आजचं भाषण कल्याणी भारंबेनं लिहिलं."

मंडपवाल्याने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. माइकची वायर त्याने आधीच काढून गुंडाळली होती. लीलाताईंना ते दिसलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.